घोड्याला बोलीआधी एक दिवस द्या, कुत्र्याला बोलीच नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कार्तिकी वारीपासून सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेपर्यंतचे दिवस म्हणजे आपल्या जिल्ह्यातला जनावरांच्या खरेदी-विक्रीचा हंगाम. सौदे अजूनही बरेचसे दलालामार्फत, रुमालाखाली बोटं धरून होतात. त्यापेक्षा घोडे आणि जातिवंत कुत्री उघड्या लिलावात विकावीत, म्हणजे व्यवहार स्वच्छ होईल, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. भाव चारचौघांत ठरतो आणि मधल्या मध्ये कोणी पैसे खात नाही, हे मान्य. पण जनावराच्या बाजूने पाहिलं तर लिलावात एक मोठं नुकसान आहे, त्यासाठी हे पत्र.

रुमालाच्या सौद्याला वेळ लागतो. घेणारा सकाळी घोडा बघतो, दुपारी पुन्हा येतो, पाणी पिताना बघतो, स्वतः बसून बघतो, इसार देतो. समोरचा माणूस पटला नाही तर मालकालाही ‘नाही द्यायचा’ म्हणता येतं. लिलावात दोन-चार मिनिटांत हातोडा पडतो. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, पडल्यावर विक्री पूर्ण झाली. (मालकाने आपलीच माणसं उभी करून खोट्या बोलीने भाव चढवला असेल, तर त्याच कलमाप्रमाणे घेणाऱ्याला व्यवहार रद्द करता येतो. हे फार थोड्यांना ठाऊक आहे.)

त्या दोन-चार मिनिटांत काय काय झाकता येतं ते बघा. फेनिलब्युटाझोनसारखं वेदनाशामक आधी दिलं की लंगडा घोडा लिलावाच्या दिवशी सरळ चालतो. खुराच्या वर नसेजवळ बधिर करणारं इंजेक्शन दिलं तर तास-दोन तास पायाचं दुखणं दिसतच नाही. चावऱ्या, लाथाड घोड्याला झायलाझिन हे गुंगीचं औषध टोचलं की तो मान खाली घालतो, खालचा ओठ लोंबतो, चालताना मागचे पाय फाकतात आणि अंग झोकांडतं. बघणारा म्हणतो, काय गरीब जनावर आहे! घरी नेल्यावर औषध उतरतं, घोडा पोराला लाथ मारतो, मग मार खातो आणि महिन्याभरात पुन्हा दुसऱ्या बाजारात उभा राहतो. फसला घेणारा, पण भोगलं घोड्याने.

म्हणून घोड्यांचा लिलाव करायचाच असेल तर घोडे आदल्या दिवशी सकाळी मैदानात आणावेत आणि दिवसभर कोणालाही बघू द्यावेत. घोडा कडक जमिनीवर, सरळ रेषेत, तीस-चाळीस पावलं दुडकी पळवून दाखवावा. मऊ मातीत खुराचं दुखणं लपतं. दोरी हातभर तरी ढिली हवी. मोतद्दार (घोडा सांभाळणारा) तोंडाशी धरून पळवत असेल तर मुद्दाम सोडायला सांगा, कारण पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडं डोकं वर उचलतं, आणि घट्ट धरलेलं डोकं काहीच सांगत नाही. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असावा. चारही खूर उचलून तळ बघा. भोवरे आणि पंचकल्याण अशा शुभाशुभ खुणांवर तासभर चर्चा होते, पण खुराच्या तळाला कोणी दोन मिनिटं देत नाही.

जिवणीही उघडून बघावी. नाचकामाच्या घोड्याच्या ओठांचे कोपरे पुष्कळदा फाटून पांढरे पडलेले असतात आणि जिभेवर आडवे वण असतात. ते काटेरी लगामाचे. या लगामावर ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे. असे वण ताजे असतील तर तो घोडा बोलीला उभा करू नये, आणि लगाम जागेवर जप्त करावा.

वयाबाबत फसवणूक जुनीच आहे. घोड्याचे पुढचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने बदलतात, पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होतं. खालच्या दातांवरचे काळे खड्डे साधारण सहा ते आठ वर्षांत बुजतात. म्हातारा घोडा तरुण दाखवायला ते खड्डे कोरून डाग देऊन काळे करतात. पण वरच्या कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक उभी रेघ दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती अर्ध्यावर आणि विसाव्या वर्षी दाताच्या टोकाला पोचते. तिच्याकडे बघावं.

विकणाऱ्याने लेखी काय द्यावं? लाकूड चावणं, हवा गिळणं, जागेवर डुलणं, लाथ, चावा, जुना पोटशूळ, कमी दिसणारा डोळा. यातली जी खोड असेल ती बोलीआधी भोंग्यावरून वाचून दाखवावी. लपवलेली खोड सात दिवसांत निघाली तर घोडा परत घ्यावा, पैसे तोवर आयोजकांकडे राहावेत. विक्रीनंतर लगेच रक्ताच्या दोन नळ्या काढून सील कराव्यात, तक्रार आली तर एक तपासायला पाठवता येते. हे अशक्य नाही. लंडनमध्ये १७६६ मध्ये सुरू झालेल्या आणि आज न्यूमार्केटला चालणाऱ्या टॅटरसॉल्सच्या लिलावात अशा खोडी जाहीर कराव्याच लागतात, आणि न सांगितलेली खोड निघाली तर ठरलेल्या मुदतीत घोडा परत जातो.

ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याचा कागद नसेल तर घोड्याला फाटकातूनच परत पाठवावं. हा रोग माणसालाही होतो, त्यावर खात्रीचा उपचार नाही आणि बाधित घोड्याला मारावं लागतं. सामाईक हौदावर पाणी पाजू नये, प्रत्येकाने आपली बादली आणावी.

आता कुत्र्यांचं. इथे मी लिलावालाच विरोध करतो. कारवानी (शिकारी जातीच्या कुत्र्याचं) पिल्लू शेतावर पळायला मोकळी जागा असलेल्याकडे जावं की दोन खोल्यांच्या घरात साखळीला बांधणाऱ्याकडे, हे विकणाऱ्याने ठरवायचं असतं. लिलावात ते पैसा ठरवतो. सर्वांत मोठी बोली ससे धरायला कुत्रं नेणाऱ्याचीही असू शकते, आणि ती शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

शिवाय रोगाचा प्रश्न आहे. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सहा ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान ओसरते, म्हणून लस एकदा टोचून भागत नाही, सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यावी लागते. नेमक्या याच वयाची पिल्लं टोपलीत बसवून बाजारात आणतात. पार्वोचा विषाणू मैदानाच्या मातीत महिनोन् महिने टिकतो, फिनाइलने मरत नाही. लागण झाल्यावर तीन ते सात दिवसांनी उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू होते. तोवर पिल्लू नव्या घरी, लिलाव उठलेला, दाद मागायला कोणी नाही.

२०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांप्रमाणे पैदासकाराची नोंदणी हवी, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, मायक्रोचिप आणि लसीची नोंद लागते. पिल्लू आईसह पैदासकाराच्या घरी बघावं, तिथूनच घ्यावं.

शेवटी थकलेल्या घोड्यांविषयी. राखीव किंमत (जिच्याखाली विकायचं नाही अशी) न ठेवता बोली लावली की असा घोडा मिळेल त्या भावाला, मिळेल त्याच्याकडे जातो. पंधरा वर्षांवरचा घोडा बोलीला घेऊच नये, आणि बाकी प्रत्येक घोड्याला राखीव किंमत असावी, ती आली नाही तर घोडा मालकाबरोबर घरी परत जावा. बाजार समित्या आणि यात्रा समित्यांनी हे दोन नियम या हंगामाच्या पत्रकातच छापावेत, ही विनंती.

आपला,
एक पशुवैद्यक, सोलापूर