“बाई, एकीला जाऊ?”

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणी शिबिराची बातमी वाचली. पाहुणे कोण होते, किती जणांचं रक्त घेतलं, सगळं सविस्तर होतं. तपासणी व्हायलाच हवी. पण तपासणीचा कागद हाती आला की दुसऱ्या दिवशी ते लेकरू दप्तर घेऊन शाळेतच जातं, आणि तिथे त्याचं काय होतं हे कोणी छापत नाही. म्हणून लिहिते आहे. मी वरोरा तालुक्यात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं शिकवलं. माझी नात साडेसहा वर्षांची आहे, पहिलीत जाते आणि तिचा पॅटर्न ‘एसएस’ आहे.

आमच्याकडे एसएस, एएस हे शब्द बाया भाजी निवडता निवडताही बोलतात. बाकीच्या वाचकांसाठी सांगते. आई आणि बाप दोघांकडूनही दोष आला तर लेकरू एसएस, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे वाहक, आणि वाहकाला सहसा काही त्रास नसतो. मी स्वतः एएस आहे हे मला वयाच्या ६१ व्या वर्षी कळलं, नातीच्या निदानानंतर आम्हा सगळ्यांचं रक्त तपासलं तेव्हा. मुलगा एएस, सून एएस. लग्नाआधी दोघांची तपासणी करा असं कोणी सुचवलं नाही, आणि मी शिकलेली असून माझ्याही मनात आलं नाही. आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारातली एक शक्यता एसएसची असते. नातीच्या पाठचा भाऊ एए निघाला, म्हणजे त्याला काहीच नाही.

नात दहा महिन्यांची असताना तिच्या हातापायांचे पंजे एका रात्रीत फुगले. शेजारणीने किडा चावला असेल म्हटलं, मी हळद लावली. तालुक्याला एका डॉक्टरांनी पाच दिवसांचं औषध दिलं. सूज उतरली आणि तीन आठवड्यांनी पुन्हा आली. मग सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टर बाईंनी पंजे हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, “घरात कोणाला सिकल आहे का?” आधी सोल्युबिलिटी नावाची रक्ताची साधी चाचणी झाली, ती पॉझिटिव्ह आली. पण तिच्यावरून वाहक की रुग्ण हे ठरत नाही, म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस ही पक्की चाचणी केली. त्या डॉक्टर बाईंचे उपकार आमचं घर विसरणार नाही.

आता आमचा दिवस असा असतो. अंघोळ बारा महिने कोमट पाण्याची, भर मे महिन्यातसुद्धा. रोज फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी. हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधाची कॅप्सूल डॉक्टरांनी वजन बघून ठरवून दिलेल्या दिवशी, त्या दिवसांवर मी भिंतीवरच्या कालनिर्णयात लाल पेनाने गोल करून ठेवते. सून दुसऱ्यांदा गरोदर असताना नर्सने तिला त्या कॅप्सूलला हातही लावू नको म्हणून बजावलं होतं, तेव्हापासून हे काम माझ्याकडे आहे. कॅप्सूल सुरू असली की ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं, ती वारी मुलगा सुट्टी काढून करतो. डाव्या बरगडीखाली बोटं ठेवून पानथरी (प्लीहा) वाढली का ते बघायला मला त्याच नर्सने शिकवलं. पोट एकाएकी फुगून लेकरू पांढरं पडलं तर एक मिनिट थांबायचं नाही. ताप १०१ च्या वर गेला तरीही तेच, रात्र असो की दिवाळीची पहाट. बाहेरून ही पोरगी बघाल तर लंगडी खेळते, चिंचा पाडते, भावाशी भांडते. डोळे जरा पिवळसर दिसतात एवढंच.

या सगळ्यात मोठं औषध पाणी आहे. या मुलांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंगातलं पाणी कमी झालं की हे अडकणं वाढतं आणि हाडांत असह्य कळा सुरू होतात, त्याला क्रायसिस म्हणतात. तिने दिवसाला दोन लिटरच्या आसपास पाणी प्यावं असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. शिवाय या आजारात मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही. अंगात पाणी कमी असलं तरी लघवी पातळ आणि पुष्कळ होते. म्हणजे ही मुलं इतरांपेक्षा जास्त पाणी पिणार, जास्त वेळा लघवीला जाणार, रात्री अंथरूणही ओलं करणार. आमच्या घरी अजून गादीवर मेणकापड असतं आणि त्यावरून तिला कोणी एक शब्द बोलत नाही.

शाळेत मात्र नियम होता. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण हा नियम बहुतेक शाळांत असतो आणि मीही तो पाळलेला आहे. पाण्याची बाटली दप्तरात, दप्तर मागच्या भिंतीला. तास चालू असताना एकीला जायचं नाही. नातीने सुरुवातीला विचारलं, तर “आत्ताच तर सुट्टी झाली” असं उत्तर मिळालं. एकदा तिचा फ्रॉक बाकावरच ओला झाला आणि वर्ग हसला. हे तिने घरी सांगितलंच नाही. त्यानंतर बाटली रोज भरलेली परत यायची. विचारलं तर म्हणायची, “शाळेतल्या नळाचं भरून आणलं.” मला खरं वाटलं.

ऑक्टोबरच्या मध्यात, ऊन रणरणत असताना, रात्री दोन वाजता ती किंचाळत उठली. “आजी, पाय दुखते.” गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं, पाय मांडीवर घेऊन दाबत बसले. उजाडल्यावर दवाखाना, सलाईन, दुखण्याची इंजेक्शनं, पाच दिवस. मोठा माणूस ओरडेल असल्या कळा ते पोर दात आवळून सोसत होतं. तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आजी, मी शाळेत पाणी पेतच नाही. मग सू लागत नाही.”

सहा वर्षांच्या मुलीने स्वतःचं औषध स्वतः बंद केलं, कारण वर्गात हसू होऊ नये एवढंच तिला हवं होतं. आम्ही शाळेत सिकलसेलचा कागद प्रवेशाच्या वेळीच दिला होता. तो कार्यालयातल्या फाईलमध्ये होता. वर्गशिक्षिकेला त्याची कल्पनाच नव्हती. तिच्यावर माझा राग नाही.

राग का नाही तेही सांगते. नव्वदच्या दशकात माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. काटकुळा, पिवळट डोळ्यांचा. दर तासाला करंगळी वर. “बाई, एकीला जाऊ?” मी त्याला बसवून ठेवत असे. हिवाळ्यात आठ-आठ दिवस यायचा नाही, आला की गुडघे दुखत होते म्हणायचा. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी “वारंवार गैरहजर” असा शेरा मारला. चौथीनंतर त्याने शाळा सोडली. त्याची तपासणी कोणी केली नाही आणि मीही सुचवली नाही. दवाखान्यात नातीच्या उशाशी बसले असताना तो मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

१ जुलै २०२३ ला केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं त्याचं उद्दिष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेलचा समावेश आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण १९ जूनला जागतिक सिकलसेल दिनाचे कार्यक्रम होतात, तेव्हा आमच्या विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यामुळे उघडलेल्याही नसतात. शिक्षकांना सांगायचं असेल तर ते शाळा उघडल्यावर, पहिल्या आठवड्यात, ज्या वर्गात ते मूल बसतं त्या वर्गाच्या शिक्षकाला सांगायला हवं. तपासणीचा निकाल आरोग्य खात्याकडे असतो, मूल शिक्षण खात्याकडे असतं. आईबापाच्या संमतीने या दोघांत एक कागद इकडून तिकडे गेला तर त्याला पैसे लागत नाहीत. मुलींच्या संडासाला कुलूप असतं किंवा आत पाणी नसतं, त्याला मात्र पैसे लागतात, आणि ते खर्च करावेत अशी माझी जिल्हा परिषदेला हात जोडून विनंती आहे.

नातीच्या वर्गशिक्षिकेने आता तिला दाराजवळ बसवलं आहे, बाटली बाकावर असते, विचारल्याशिवाय जायची मुभा आहे. पण जूनअखेर ती दुसरीत जाईल आणि शिक्षक बदलतील. म्हणून मी एक चिठ्ठी लिहून ठेवली आहे. ती खाली देते. ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना दाखवून, हवे ते बदल करून उतरवून घ्यावी.

“मॅडम, सर, नमस्कार. आमची मुलगी सिकलसेल एसएस आहे. हा आजार तिच्यापासून दुसऱ्याला लागत नाही, तिला कोणाहीजवळ बसवावं. तिला हवं तेव्हा पाणी पिऊ द्यावं आणि तिने करंगळी वर केली की लगेच जाऊ द्यावं. तिला उन्हात फार वेळ उभं करू नये, गारठ्यात कवायत देऊ नये, पावसात भिजली तर आम्हाला बोलवावं, आम्ही कोरडे कपडे घेऊन येऊ. पडली, लागलं तर बर्फ लावू नये. हातपाय, पोट किंवा छाती दुखते म्हणाली तर ते नाटक नाही. अंग तापलं तर गोळी देऊन वर्गात बसवू नये, लगेच फोन करावा. गैरहजर राहिली तर अभ्यास आम्ही घरी भरून काढू, तेवढा वहीवर लिहून द्यावा. बाकी तिला सगळ्यांसारखंच वागवावं. चुकली तर रागवावंही.”

माझं नाव छापू नये ही विनंती. नातीच्या लग्नाला पुष्कळ वर्षं आहेत, पण आमच्या गावात शब्द लवकर विसरला जात नाही.

आपली,
एक आजी, निवृत्त शिक्षिका
ता. वरोरा, जि. चंद्रपूर