जुना दिसणारा टी-शर्ट आणि ब्लीचची बादली

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुन्या वळणाचे, विटलेल्या रंगाचे आणि छाप पुसट झालेले टी-शर्ट घरच्या घरी तयार करण्याची हौस सध्या महाविद्यालयीन मुलामुलींमध्ये बरीच दिसते. माझ्या पिढीला विटलेला कपडा घालून बाहेर पडायची लाज वाटे आणि आज तोच मुद्दाम विटवला जातो, याचे मला हसू येत असले तरी या हौसेला माझा विरोध नाही. माझा आक्षेप आहे तो त्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ब्लीचला. सांगलीत 26 वर्षे लग्नपत्रिका, कापडी पिशव्या आणि गणेशोत्सव मंडळांचे टी-शर्ट स्क्रीन प्रिंटिंगने छापून मी आता निवृत्त झालो आहे, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

गेल्या महिन्यात माझ्या नातीने नवा काळा टी-शर्ट रात्रभर ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवला. सकाळी तो राखाडी होईल अशी तिची कल्पना होती. निघाला तो विटकरी, तोही ढगाळ ठिपक्यांचा. शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा असल्यामुळे तो काळाच राहिला आणि प्रत्येक शिवण पेनाने आखल्यासारखी उठून दिसू लागली. छातीवरची छपाई प्लॅस्टिसॉल शाईची, म्हणजे उष्णतेने पक्क्या होणाऱ्या प्लॅस्टिकयुक्त शाईची होती. तिला ब्लीचने काही केले नाही, त्यामुळे कापड म्हातारे आणि छाप कोरा करकरीत, असे विजोड दृश्य तयार झाले. पिळताना गळ्याची पट्टी हातात आली ती वेगळीच. ब्लीच नुसता रंग काढत नाही, सुताचा धागाही खाते, आणि कपडा धुऊन वाळला तरी आत ब्लीचचा अंश राहिला असेल तर ते काम पुढे चालूच राहते.

याहून गंभीर बाब अशी, की हा उद्योग बहुतेक घरांत न्हाणीघरात चालतो आणि तिथेच शौचालय साफ करण्याच्या ॲसिडची बाटली ठेवलेली असते. ब्लीचमध्ये ॲसिड मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि चार बाय सहा फुटांच्या, एका झरोक्याच्या खोलीत तो जिवावर बेतू शकतो. ब्लीचचा परिणाम थांबवण्यासाठी त्यातच व्हिनेगर घाला किंवा लिंबू पिळा, असा सल्ला मुले एकमेकांना देतात. तोही याच कारणाने चुकीचा आहे, कारण तीदेखील आम्लेच आहेत. ज्यांना ब्लीच वापरायचेच आहे त्यांनी ते भरपूर पाण्यात पातळ करून, गच्चीवर किंवा अंगणात, हातमोजे घालून, डोळ्यांसमोर काही मिनिटेच वापरावे, आणि कपडा खळबळून झाल्यावर हायपोच्या पाण्यातून काढावा. पूर्वीच्या फोटो स्टुडिओंतल्या डार्करूममध्ये असे तोच हा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट.

मुळात जुना टी-शर्ट जुना दिसतो तो कशामुळे, हे आधी पाहायला हवे. 1980 च्या दशकातील बऱ्याच अमेरिकी टी-शर्टांचे कापड सूत आणि पॉलिएस्टर निम्मे-निम्मे असलेले, पातळ आणि झुळझुळीत असे; 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बाही आणि घेर यांवर अनेकदा एकेरीच शिलाई असे. आजच्या टी-शर्टची दुहेरी शिलाई उसवून तिथे एकेरी घातली, तर निम्मे काम रंगाला हात न लावताच होते. रंग विटतो तोही सगळीकडे सारखा नाही. गळा, खांदे आणि शिवणींच्या कडा आधी पांढुरक्या होतात, काखेच्या आतली बाजू शेवटपर्यंत गडद राहते. त्या कडांवर, आत लाकडी फळी घालून, 220 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा. मग कपडा धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन एप्रिल-मेच्या उन्हात सुलट बाजूने वाळत घालावा. आपल्या गच्चीवरचे ऊन फुकट आहे आणि त्याने शिवण उसवत नाही.

छपाईत मुलांची मोठी चूक शाईच्या थराची होते. नवा छाप नवा वाटतो तो थर जाड असतो म्हणून. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई खाली कापडावर उतरते, आणि कापडावर छापण्यासाठी साधारणपणे एका सेंटिमीटरला 43 धाग्यांची जाळी वापरतात. त्याऐवजी 60 ते 70 धाग्यांची घेतली, पाण्यावर आधारलेली पिगमेंट शाई वापरली, खाली पांढऱ्या शाईचा थर दिला नाही आणि स्क्वीजी, म्हणजे शाई ओढण्याची रबरी पट्टी, एकदाच ओढली, तर कापडाची वीण छापातून दिसते आणि तो पंधरा वर्षांचा वाटतो. एवढेच सांभाळायचे, की आपल्याकडच्या उन्हाळ्यात बारीक जाळीत ही शाई छापता छापताच वाळते. मी मे महिन्यात पहाटेच हे काम उरकत असे आणि ओला स्पंज हाताशी ठेवत असे. वाळल्यावर छापावर जुने सुती कापड ठेवून तीन ते पाच मिनिटे कोरडी इस्त्री फिरवली, की शाई पक्की होते. प्लॅस्टिसॉलला मात्र पूर्ण थरभर सुमारे 160 अंश सेल्सिअस उष्णता मिळावी लागते. घरच्या इस्त्रीने ती नीट मिळत नाही, छापाला तडे जातात आणि मुलांना ते तडेच आवडतात. पण तो जुनेपणा नव्हे, कच्चेपणा आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या धुण्यात त्याचे पोपडे निघतात.

रंगाचेही पर्याय स्वयंपाकघराच्या आसपास आहेत. पांढरा सुती टी-शर्ट चहाच्या गाळलेल्या गरम अर्कात अर्धा तास ठेवला, तर कपाटात पडून पिवळसर झालेल्या कापडाची छटा येते. राखाडीसाठी हिरड्याचे पाणी घ्यावे. कोयना-महाबळेश्वरच्या जंगलातला हिरडा काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. त्या पाण्यात पांढरा टी-शर्ट भिजवून वाळवायचा आणि गूळ व गंजके खिळे पाण्यात दोन-तीन आठवडे आंबवून केलेल्या पातळ द्रावणात बुडवायचा. हिरड्यातले टॅनिन आणि लोह यांची गाठ पडली, की कापड डोळ्यांदेखत करडे होते. कलमकारीचे कारागीर काळा रंग याच पद्धतीने करतात. लोह जास्त झाले तर तेही कालांतराने सूत कमकुवत करते, म्हणून द्रावण पातळच ठेवावे आणि कपडा भरपूर पाण्यात धुवावा. सांगलीत राहून हळदीचा मोह होणे साहजिक आहे, परंतु हळदीचा रंग उन्हात टिकत नाही आणि साबण लागताच लालसर होतो. पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत घरगुती कलाकुसरीची सदरे नियमित येतात आणि आमच्या घरात ती आवडीने वाचली जातात. त्यांत कपड्यांवर ब्लीच वापरण्याची कृती पुढे कधी छापली गेलीच, तर ब्लीच आणि ॲसिड एकत्र येऊ देऊ नये, ही सूचना त्याच पानावर ठळक चौकटीत द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त स्क्रीन प्रिंटर
विश्रामबाग, सांगली