खासी टेकड्यांतील उदार धर्माचा जमाखर्च

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या जयंतीनिमित्त आपण प्रसिद्ध केलेला लेख वाचला. त्यांच्या अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यावर लेखकाने योग्य तो भर दिला आहे. मात्र ‘ते युनिटेरियन (म्हणजे त्रैक्य नाकारून देव एकच मानणाऱ्या उदार ख्रिस्ती पंथाच्या) शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले’ ही गोष्ट नेहमीप्रमाणे एका ओळीत उरकली आहे. त्या शिष्यवृत्तीचे मूळ ज्या प्रवासात आहे, त्याच प्रवासाचा एक धागा मेघालयातील खेड्यापाड्यांतून आजही टिकून आहे. त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

मिशिगनमधील ॲन आर्बर येथील धर्मोपदेशक जाबेझ संडरलँड हे ब्रिटनमधील युनिटेरियन मंडळाच्या वतीने 1895 मध्ये हिंदुस्थानात आले. त्या वर्षीच्या पुणे काँग्रेसला ते हजर होते, आणि पुढे 1896 मध्ये त्यांनी आजच्या मेघालयातील खासी टेकड्या गाठल्या. इथल्या एकेश्वरवादी तरुणांनी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात जाऊन धर्माचा तौलनिक अभ्यास करावा, ही योजना त्यांच्या या दौऱ्यातून पुढे आली आणि 1901 साली प्रार्थना समाजाच्या वतीने शिंदे तिकडे गेले. 1903 मध्ये ॲमस्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत हिंदुस्थानातील या चळवळीविषयी बोलून ते परतले व प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. हा भाग आपल्याला थोडाफार माहीत असतो. संडरलँड त्या टेकड्यांवर कोणाला भेटायला गेले होते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

ते हाजोम किसोर सिंग यांना भेटायला गेले होते. सिंग हे सरकारी नोकरीतले खासी गृहस्थ. तरुणपणी त्यांनी वेल्श मिशनऱ्यांकडून ख्रिस्ती धर्म स्वीकारला; पण ज्या परमेश्वराला प्रेमस्वरूप म्हणायचे, त्यानेच माणसाला कायमचे नरकात ढकलायचे, हे त्यांना पटेना. आपल्यासारखे विचार करणारी माणसे जगात अन्यत्रही आहेत, हे सिंग यांना कलकत्त्यातील अमेरिकन युनिटेरियन धर्मोपदेशक चार्ल्स डॉल यांच्याशी आणि नंतर संडरलँड यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातून कळले. 18 सप्टेंबर 1887 रोजी, रविवारी, जोवाई येथे मोजक्या माणसांनिशी त्यांनी पहिली उपासना केली. आज ईशान्य भारतातील युनिटेरियन संघाची 30 हून अधिक उपासना मंदिरे असून अनुयायांची संख्या 9 ते 10 हजारांच्या आसपास आहे.

नव्वदच्या दशकात बँकेच्या नोकरीनिमित्त मी तीन वर्षे शिलाँगला होतो. एका सहकाऱ्याने मला 18 सप्टेंबरच्या वार्षिक उपासनेसाठी आपल्या गावी नेले. पत्र्याच्या छपरावर पाऊस असा कोसळत होता की अहवाल वाचणाऱ्या वयस्क गृहस्थांना दर दोन वाक्यांनी थांबावे लागे. रोमन लिपीतले खासी स्तोत्रांचे पुस्तक माझ्या हातात होते; अक्षरे वाचता येत होती, अर्थ मात्र एकाही शब्दाचा लागत नव्हता. सहकारी कानाशी लागून हिंदीत सांगत होता. प्रवचन आटोपशीर झाले, जमाखर्चाला मात्र बराच वेळ लागला. शाळेच्या दुरुस्तीला पत्रे किती लागले, मास्तरांचा पगार कोणत्या महिन्यात थकला, पुढच्या संमेलनाला येणाऱ्या पाहुण्यांची सोय कोणत्या घरांत करायची, हे सारे चर्चेला आले. खिळ्यांच्या खर्चाचा आकडा आला तेव्हा जैनसेम नेसलेली एक बाई उठली आणि निम्मे खिळे तर जुन्याच पत्र्यांचे काढून वापरले होते, मग एवढे पैसे कशाला लागले, असे तिने भर सभेत विचारले. आकडा तिथल्या तिथे दुरुस्त झाला. मग क्वाय, म्हणजे पानसुपारी, सगळ्यांमध्ये फिरली. मातृवंशीय समाजात हे नवल नसावे; मी मात्र पुण्यातल्या संस्थांच्या सर्वसाधारण सभा पाहिलेला माणूस, त्यामुळे थक्क झालो.

त्या प्रसंगाने प्रार्थना समाजाची आठवण होणे अपरिहार्य होते. 31 मार्च 1867 रोजी मुंबईत स्थापन झालेल्या या समाजाचे वर्षभराचे काम किती भरीव होते! कामगारांसाठी रात्रशाळा, पंढरपूरचा अनाथाश्रम, ‘सुबोध पत्रिका’, दर आठवड्याची उपासना आणि वार्षिक उत्सव. तरीही आज मुंबईकराला ‘प्रार्थना समाज’ म्हटले की गिरगावातला चौक आठवतो. खासी मंडळींची प्रार्थना मातृभाषेत होती म्हणून ती लोकांत रुजली, असे म्हणावे तर आपल्याकडे साक्षात तुकोबांचे अभंग होते. फरक मला दिसतो तो काम कोणाच्या हाती होते यात. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, चंदावरकर अशी उत्तुंग माणसे धुरा वाहत होती आणि बाकीचा समाज, फार तर, ऐकायला येत होता. तिकडे पत्रे चढवणारा आणि हिशेब विचारणारी, दोघे त्याच गावचे. अर्थात खासी समाजात आपल्यासारखी जातींची उतरंड नव्हती आणि एका ईश्वराची कल्पना त्यांच्या मूळ धर्मातही होती, हे त्यांच्या पथ्यावर पडले, हेही मान्य केले पाहिजे. शिंद्यांना ही उतरंडच आडवी आली. 1910 मध्ये त्यांनी प्रचारकपद सोडले.

त्यानंतरही त्यांनी या विषयाकडे पाठ फिरवली नाही. 1912 मध्ये जगभरातील उदारमतवादी धर्मसंस्थांची माहिती देणारी निर्देशिका त्यांनी इंग्रजीत संपादित करून प्रसिद्ध केली. पुढे 1936 पासून मार्गारेट बार या ब्रिटिश युनिटेरियन बाईंनी खासी टेकड्यांत शाळा व ग्रामसेवेचे काम उभे केले आणि 1973 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच राहिल्या, याचीही महाराष्ट्रात फारशी वार्ता नाही.

माझी विनंती एवढीच आहे की, शिंदे यांच्या लेखनाचे काम करणाऱ्या एखाद्या संस्थेने किंवा विद्यापीठाने त्या निर्देशिकेचा सटीप मराठी अनुवाद हाती घ्यावा. आणि आपल्या दैनिकाने येत्या 18 सप्टेंबरला आपला प्रतिनिधी जोवाईला पाठवावा. गुवाहाटीहून शिलाँग सुमारे 100 किलोमीटर आणि तेथून जोवाई आणखी 65 किलोमीटरच्या आसपास आहे. खासी जाणणारा एखादा दुभाषा आणि चांगली छत्री मात्र बरोबर असू द्यावी.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे