काकू, त्या सिनेमासाठी थँक यू

काकू,

रविवारी तुमच्याकडून निघताना धड बोलताच आलं नाही, घसा दाटून आला होता, म्हणून आता लिहितेय.

डीव्हीडीवर सबटायटल्स नव्हते आणि मला फ्रेंचचं ओ की ठो कळत नाही, पण तुम्ही दर दोन मिनिटांनी पॉज करून मराठीत सांगत राहिलात, दीड-पावणेदोन तासांचा सिनेमा संध्याकाळपर्यंत पुरला. 'ला फोत आ फिदेल', 2006 चा, ज्युली गाव्रासचा. तिच्या वडिलांचं, कोस्ता-गाव्रास यांचं नाव सिनेमावाले कायम घेतात, पण लेकीच्या या सिनेमाबद्दल मी कुणाकडून अवाक्षर ऐकलं नव्हतं.

1970 चं पॅरिस, नऊ वर्षांची आना, बागेचं घर, नन्सची शाळा, आणि अचानक आईबाबा चिलीचे समाजवादी नेते आयेंदे यांच्यासाठी झटायला लागतात, घर सुटतं, लहानशा फ्लॅटमधे दाढीवाले लोक रात्री उशिरापर्यंत बसलेले. ती पोरगी रडत बसत नाही, चिडते! पैसे वाचले तर जुनं घर परत मिळेल म्हणून दिवे बंद करत फिरते. कॅमेरा तिच्याच उंचीवर, मोर्चात तर नुसती मोठ्यांची अंगं आणि पाय.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मीपण नऊचीच होते. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, हे सगळं नंतर कळलं, तेव्हा एवढंच दिसायचं की आमच्या एका खोलीत रोज बाबांचे दोस्त बसलेत, आईच्या हातातल्या पाटल्या गेल्या, आणि मग मला गावी मामाकडे धाडलं, शाळा मैत्रिणी सगळं इथंच राहिलं. बाबांशी मी वर्षभर नीट बोलले नाही. ते गेल्यापासून तर ते फारच टोचत होतं.

तो संत्र्याचा सीन, दाढीवाला तिला फोडी दाखवून वाटणी समजावतो, तिथं पॉज करून तुम्ही म्हणालात, "तिला वाटणी नकोय गं, तिला तिचं घर हवंय." काकू, चाळीस वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. आणि सिनेमा आनाला दोष देत नाही तसा तिच्या बापालाही देत नाही, म्हणून मला बाबांचाही राग आला नाही, नुसती आठवण आली.

पुढच्या रविवारी आईला घेऊन येऊ का? तिला ऐकू कमी येतं, जरा मोठ्याने सांगावं लागेल. चहा मी करीन.