घर बदलताना चरित्रांचे खंड फोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यातल्या नौपाडा, चरई, पाचपाखाडी भागातल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. तात्पुरत्या भाड्याच्या घरात सगळं सामान मावत नाही, मग सर्वांत आधी निघतात ती जाड पुठ्ठ्याची पुस्तकं. त्यातही चरित्रं आणि आत्मचरित्रं. आजोबा-आजींनी हौसेने घेतलेली, वजनाला भारी, आणि आता घरात कुणी उघडत नाही अशी. नौपाड्यातल्या एका पुस्तकांच्या दुकानात मात्र सध्या या जुन्या, पक्क्या बांधणीच्या चरित्रांसाठी एक स्वतंत्र कपाट ठेवलेलं पाहिलं आणि फार आनंद झाला. आयुष्यभर ग्रंथालयात काम केल्यामुळे या पुस्तकांचं पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. त्याबद्दल ठाणेकरांशी चार शब्द बोलायचे आहेत.

रद्दीत गेलेलं पुठ्ठ्याचं पुस्तक अनेकदा पुस्तक म्हणून उरतच नाही. पुठ्ठा आणि कागद यांचा भाव वेगळा, म्हणून कव्हर ओरबाडून बाजूला काढतात. त्याबरोबर शिवण उसवते आणि फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, सुटे होतात. पण ही शिवण हीच त्या बांधणीची खरी ताकद होती. सोळा-सोळा पानांचे फर्मे दोऱ्याने शिवून, पाठीला कापड लावून केलेलं पुस्तक टेबलावर सपाट उघडतं आणि पन्नास वर्षांनीही पानं धरून ठेवतं. नुसत्या गोंदावर चिकटवलेली कागदी कव्हराची आवृत्ती आपल्या हवेत फार टिकत नाही, दोन-चार पावसाळ्यांत तिची पानं हातात येऊ लागतात. शिवाय नव्या आवृत्तीत जुन्या पुस्तकातलं सगळं येतंच असं नाही. आर्ट पेपरवरची छायाचित्रं, वंशावळ, पत्रांची परिशिष्टं, शेवटची नावांची सूची हे सगळं खर्च वाचवण्यासाठी गळतं. कादंबरी सूचीशिवाय वाचता येते. चरित्राची सूची गेली की अभ्यासकाचा अर्धा उपयोग गेला.

सर्वांत मोठं नुकसान होतं ते खंडांचं. मराठी चरित्रवाङ्मयातली मोठी कामं एका पुस्तकात मावलेली नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1937 या काळात चार भागांत आली. आचार्य अत्र्यांच्या ‘कऱ्हेचे पाणी’चे अनेक खंड आहेत. चां. भ. खैरमोडे यांनी डॉ. आंबेडकरांचं चरित्र लिहायला घेतलं, त्याचा पहिला खंड 1952 साली निघाला आणि पुढे ते काम बारा खंडांपर्यंत गेलं. खैरमोडे 1971 मध्ये वारले, त्यानंतरही खंड निघत राहिले. असे संच घराघरांत वर्षानुवर्षं जमवलेले असतात. घर रिकामं करताना दोन खंड एका पिशवीत जातात, तीन दुसऱ्या पिशवीत, एखादा शेजाऱ्यांकडे वाचायला गेलेला तिथेच राहतो. मग दुकानात तिसरा खंड एकटा पडून असतो आणि ज्याला नेमका तोच हवा आहे त्याला तो ठाण्यात आहे हे कळतच नाही.

‘आता सगळं इंटरनेटवर मिळतं’ हे उत्तर मी फार वेळा ऐकलं आहे. ते चरित्रांना लागू पडत नाही. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. लक्ष्मीबाई 1936 मध्ये गेल्या, त्यांचं लेखन केव्हाच मुक्त झालं. अत्रे 1969 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क 2029 अखेरपर्यंत आहे. अत्र्यांची पुस्तकं पुन्हा छापली जातात. पण त्याच पिढीतल्या एखाद्या शाळामास्तराने, गिरणी कामगार पुढाऱ्याने किंवा गावच्या डॉक्टरने लिहिलेल्या आत्मकथेचं काय? प्रकाशन बंद पडलेलं, वारस कुठे आहेत माहीत नाही, त्यामुळे परवानगी मागायची कुणाकडे हाही प्रश्न. ना पुनर्मुद्रण होतं, ना कुणी स्कॅन करून टाकू शकतं. अशा पुस्तकाचा वाचक जुन्या प्रतीवरच अवलंबून असतो.

घरच्यांनी खासगीरीत्या छापलेल्या आठवणी तर आणखी दुर्मीळ. 1954 च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशनाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची असते. पण पंचाहत्तरीला छापून नातेवाइकांत वाटलेली पुस्तिका कोण पाठवतं? ती कपाटात असते, आणि कपाट रिकामं झालं की संपते. त्या पानांत जुन्या ठाण्यातल्या चाळी, तलावपाळीवरच्या संध्याकाळी, कारखान्यांतल्या पाळ्या असं बरंच काही असतं, जे कुठल्याही गॅझेटियरमध्ये मिळायचं नाही.

दुकानदारांना माझी विनंती आहे. पुस्तकाच्या सुरुवातीचं नावाचं, भेटीचं पान फाडू नका. त्यावरची सही, गाव आणि तारीख यांनी प्रत खराब होत नाही, उलट ती कोणत्या घरातून आली ते कळतं. आवृत्ती आणि साल आतल्या पानावरून पाहून चिठ्ठीवर लिहा. पान गळालेलं असेल, कसर लागली असेल तर तेही लिहा, गिऱ्हाईक नाराज होत नाही. भारतात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, 1985 पासून आले, त्यामुळे त्याआधीची पुस्तकं त्या क्रमांकावरून शोधता येत नाहीत. त्यांची माहिती हातानेच नोंदवावी लागते आणि ते कष्ट घेण्यासारखे आहेत. ग्रंथालयाचा शिक्का असलेलं पुस्तक मात्र त्यावर रद्द केल्याची नोंद असल्याशिवाय घेऊ नये. किमतीबद्दल एवढंच म्हणेन की पक्क्या बांधणीचं, पूर्ण चरित्र नव्या कागदी आवृत्तीपेक्षा महाग विकलं तरी मला त्यात वावगं वाटत नाही. चांगला भाव मिळाला तर उद्या कुणी ते किलोवर देणार नाही.

घर सोडणाऱ्यांनी एवढं करावं. खंड एकत्र बांधा, वर दोन ओळींची चिठ्ठी लावा. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये घट्ट बंद करू नका, ओल आत कोंडली की बुरशी धरते. ओलसर वाटलं तर उन्हात न टाकता पंख्याखाली वाळवा. आणि रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा पुस्तकांच्या दुकानात किंवा ग्रंथालयात विचारा. 1893 साली वि. ल. भावे यांनी ज्या गावात मराठी ग्रंथ संग्रहालय उभं केलं, त्या गावातल्या सोसायट्यांनी पुनर्विकासाच्या बैठकीत एक विषय पुस्तकांचाही घ्यावा, ही अपेक्षा मला अवास्तव वाटत नाही.

संपादक महोदय, आपल्यालाही एक विनंती. आपल्या ठाणे पुरवणीत आठवड्यातून एकदा ‘सुटे खंड’ म्हणून बोटभर जागा द्यावी. कुणाकडे कोणत्या चरित्राचा कोणता खंड जादा आहे आणि कुणाला कोणता हवा आहे, एवढीच नोंद. कुणाचा पत्ता छापण्याची गरज नाही, दुकानाचं किंवा ग्रंथालयाचं नाव पुरे. पहिल्या यादीसाठी माझ्याकडच्या जादा खंडांची नावं मी लिहून पाठवते.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल
चरई, ठाणे (पश्चिम)