ताई, त्या दोनशेपानी वहीसाठी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तैवानला पीएचडीला किंवा पोस्टडॉकला निघालेली आपली मुलंमुली नेहमी विचारतात, बरोबर काय काय आणू? कुकर आणा, गोडा मसाला आणा, हे सगळेच सांगतात. तू मला जे दिलंस ते कुणी सांगत नाही. तुझे आभार मानायचे तर ते काय होतं हेही लोकांना कळायला हवं.

ताइचुंग सोडून तू मिरजेला परत निघालीस तेव्हा खोलीतलं सामान वाटून टाकलंस. इंडक्शन, पोळपाट-लाटणं आणि हेल्मेट माझ्या वाट्याला आलं. शिवाय ब्राउन पेपरचं कव्हर घातलेली एक दोनशेपानी वही. डाव्या पानावर चिनी गाणं देवनागरीत लिहिलेलं, आणि प्रत्येक अक्षरावर त्याचा सूर दाखवणारा लाल पेनाचा बाण: सपाट, वर चढणारा, वाकून उठणारा, धाडकन खाली येणारा. उजव्या पानावर तुझ्या बारीक अक्षरात, गाणं कुणी लिहिलं, कोणत्या साली, तेव्हा तैवानात काय चाललं होतं. जवळजवळ सगळी गाणी एकाच माणसाची होती, तैवानचा गायक-गीतकार लो ता-यू याची.

तोवर लॅबमध्ये सगळे माझ्याशी चांगलंच वागत होते, पण कामापुरतं. प्रयोगाचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, जेवायला बसलं की मंडळी आपल्या भाषेत शिरायची आणि मी डब्यात बघत बसायचे. भाषेच्या क्लासमध्ये शिकवलेली वाक्यं बाजारात उपयोगी पडायची, माणसांत नाही. तुला हे सांगावंही लागलं नव्हतं. तू म्हणालीस, "आधी यांची गाणी पाठ कर, बोलणं मागून येईल."

मिरजेत एका अंगाला दवाखाने आणि दुसऱ्या अंगाला सतारमेकर गल्ली. अशा गावात वाढलेल्या तुला हा गायक का भावला असेल हे मला त्याची गोष्ट कळल्यावर लक्षात आलं. लो ता-यू डॉक्टर. 20 जुलै 1954 ला तैपेईत जन्मलेला, हक्का या चिनी समाजातल्या घराण्यातला. वडील डॉक्टर, आई नर्स, भावंडंही वैद्यकीय क्षेत्रात. पियानो लहानपणापासून, पण तो आपल्याकडे पोरांना पेटी शिकवतात तसा, चार गोष्टी यायला हव्यात म्हणून. ताइचुंगच्या ज्या मेडिकल कॉलेजात तो शिकला त्याच आवारात पुढे तुझी लॅब होती, आणि ही गोष्ट तू मला त्याच गेटपाशी उभी राहून सांगितली होतीस. कॉलेजात असताना तो बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. शिकता शिकताच त्याने एका सिनेमासाठी गाणी लिहिली. डॉक्टर झाला, रेडिओलॉजीत काम केलं, आणि एकीकडे गाणी लिहितच राहिला.

त्या वेळचं तैवान तू उजव्या पानावर फार छान मांडलं आहेस. 1949 पासून मार्शल लॉ, तो उठला 1987 मध्ये. 1971 मध्ये संयुक्त राष्ट्रांतली जागा गेली. 1979 च्या पहिल्याच दिवशी अमेरिकेने बीजिंगला मान्यता दिली आणि तैपेईला वाऱ्यावर सोडलं. कॉलेजातली मुलं गिटार घेऊन आपली स्वतःची गाणी लिहायला लागली होती, पण ती बहुतेक हळुवार, शेतांची आणि चांदण्याची. रेडिओवर टेरेसा तेंगचा मधाळ आवाज. गाण्याचे शब्द सरकारी खात्याकडून तपासून घ्यावे लागायचे. आणि अशा काळात 1982 मध्ये हा काळे कपडे, काळा गॉगल आणि कुरळ्या केसांचं जंगल घेऊन आला, खरखरीत आवाजात. त्याचा पहिला अल्बम रॉक रेकॉर्ड्स या तेव्हा नव्या असलेल्या कंपनीने काढला. अल्बमच्या शीर्षकात त्याने जुन्या ग्रंथी चिनीतले चार प्रत्यय नुसते ओळीने ठेवले, आणि त्याच नावाच्या गाण्यात डोळे, कान, तोंड मिटून खुशाल राहणाऱ्या समाजाला धारेवर धरलं.

त्या अल्बममधलं 'लुगांग गाव' मला आजही त्याचं सगळ्यात मोठं गाणं वाटतं. इथे तुझं माझं जमत नाही, तुझा कौल 'आशियाचं अनाथ लेकरू' या गाण्याला, पण मी माझं म्हणणं सोडणार नाही. इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम यांचा असा दणका तैवानी श्रोत्याने मँडरिनमध्ये क्वचितच ऐकला असेल. संगीत संयोजन यामाझाकी नावाच्या जपानी संगीतकाराचं. आणि शब्द मात्र अगदी साधे. तैपेईत आलेला एक पोरगा रस्त्यात भेटलेल्या माणसाला विचारतो, तुम्ही लुगांगचे का हो? मग माझे आईवडील दिसले का? आमचं घर माझू देवीच्या देवळामागे, उदबत्त्या विकणारं छोटं दुकान आहे ते. पुढे तो म्हणतो की गावातल्या लाल विटा उखडून सिमेंटच्या भिंती घातल्या असं ऐकतो. गावाला हवं ते मिळालं आणि होतं ते गेलं. तैपेई माझं घर नाही, हे तो ओरडून सांगतो. लो स्वतः लुगांगचा नव्हे, तैपेईचाच, आणि तरीही हे त्याला लिहिता आलं. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहून गावाकडच्या माणसाची वाट बघणाऱ्या आपल्याकडच्या किती जणांना हे गाणं कळेल!

वहीत तू लिहिलं होतंस, 'हे गाणं पाठ झाल्याशिवाय लुगांगला जायचं नाही.' मी तुझं ऐकलं. ताइचुंगहून बसने गेले. गाव एके काळी केवढं मोठं होतं हे तिथे गेल्यावर कळलं. ताइनान पहिलं, लुगांग दुसरं, मोंगा (तैपेईचा जुना भाग) तिसरं अशी जुनी म्हणच आहे तैवानात. पण बंदर गाळाने भरलं, रेल्वे दुसरीकडून गेली आणि गाव मागे राहिलं. माझूच्या देवळात धुराने डोळे चुरचुरत होते. छताचं लाकूड पिढ्यान्‌पिढ्यांच्या उदबत्तीने काळं झालेलं. मागच्या गल्लीत पूजेच्या सामानाच्या एका दुकानात एक आजोबा लाल काड्यांच्या जुड्या बांधत बसले होते. मी त्यांना गाण्यातलाच प्रश्न विचारला, तुझे बाण आठवत आठवत. ते इतके खूश झाले की हातातलं काम टाकून पुढची ओळ त्यांनीच म्हटली, आणि मग शेजारच्या दुकानातल्या बाईंना हाक मारून सांगितलं, ही भारतातली मुलगी बघा काय म्हणते आहे. त्यांनी मला चहा पाजला, जिभेच्या आकाराची इथली प्रसिद्ध बिस्किटं दिली आणि पैसे घेतले नाहीत. तैवानात पहिल्यांदा कुणी मला "काय शिकतेस" याऐवजी "घरी कोण कोण असतं" असं विचारलं ते तिथे.

ताई, हे तुझ्यामुळे झालं.

आता तुझ्या आवडीच्या गाण्याबद्दल. 1983 च्या दुसऱ्या अल्बममध्ये 'आशियाचं अनाथ लेकरू' आलं. हेच नाव वू झुओ-लिऊ यांच्या जपानी राजवटीतल्या कादंबरीचं. गाण्यात वाऱ्यात रडणारं एक पोर, पिवळ्या चेहऱ्यावर लाल चिखल, काळ्या डोळ्यांत पांढरी भीती. रंगांचा अर्थ त्या काळच्या माणसाला वेगळा सांगायची गरज नव्हती. तपासणीतून सुटावं म्हणून 'इंडोचायनातल्या (व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसच्या) निर्वासितांसाठी' अशी टीप जोडली होती, आणि ऐकणाऱ्यांना आपलीच गोष्ट ऐकू येत होती. तू समासात लिहिलंस, 'हे गाणं म्हणताना कुणाचा कोणता पक्ष ते विचारू नकोस, नुसतं ऐक.' हा सल्ला मला अजून उपयोगी पडतो. तैवानात या विषयावर एकाच टेबलावरची चार माणसं चार दिशांना असतात, आणि गाणं मात्र चौघांनाही येतं.

दोन-तीन वर्षांत एवढं वादळ उठवल्यावर माणूस थकतो. 1985 मध्ये तो न्यूयॉर्कला निघून गेला. त्याच वर्षी त्याच्या चालीवर तैवानच्या साठेक गायकांनी मिळून 'उद्याचा दिवस आणखी चांगला असेल' हे गाणं केलं, जे आजही शाळांतून म्हटलं जातं. डॉक्टरकी त्याने सोडली ती सोडलीच. या जागी तू एकच ओळ लिहिली आहेस आणि ती खोडून पुन्हा लिहिली आहेस: 'स्टेथोस्कोप ठेवून देणं सोपं नसतं, डॉक्टरांच्या घरात तर नाहीच.' मिरजेच्या मुलीलाच हे असं लिहिता येईल.

पुढची हाँगकाँगची वर्षं मी भराभर वाचली हे कबूल करायला हवं, कँटनीज मला येत नाही. पण त्यातलं एक पान मी कितीदा तरी उघडते. 1990 मध्ये 'रेड डस्ट' या सिनेमाची पटकथा लेखिका सानमावने लिहिली, आणि शीर्षकगीत लोचं. सहारा वाळवंटातल्या आपल्या संसाराबद्दल लिहून जिने अख्ख्या चिनी जगातल्या मुलींना घराबाहेर पडायची हिंमत दिली तीच सानमाव. जानेवारी 1991 मध्ये ती गेली. लोने आपल्या एका आधीच्या चालीवर तिच्या आठवणीत नवे शब्द लिहिले, ते फंग फेई-फेईने गायलं, 'स्वप्नांमागे जाणारा'. या गाण्यावर तू बाण काढलेच नाहीस. खाली लिहिलंस, 'हे तुझं तू ऐकून लिही.' मी लिहिलं. ती माझी पहिली, स्वतः उतरवून घेतलेली मँडरिन कविता. बाण चुकले असतील तर येऊन दुरुस्त कर.

आणि 'बालपण'! हे गाणं लोने कॉलेजच्या दिवसांतच लिहायला घेतलं आणि घासूनपुसून पुरं करायला त्याला बरीच वर्षं लागली. 1981 मध्ये सिल्विया चांगने ते गायलं आणि मग ते सगळ्यांचंच झालं. तळ्याकाठचा वड, त्यावर किर्र करणारे किडे, फळ्यावर करकरणारा खडू, तास कधी संपतो याकडे लागलेले कान. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसूनही हेच लिहिता आलं असतं. कॉलेजजवळच्या शाकाहारी खाणावळीत मावशी भाजी वाढता वाढता हे गुणगुणत होत्या. मी पुढची ओळ म्हटली. पळी हवेतच राहिली त्यांची. त्या दिवसापासून माझ्या ताटात टोफू दोन तुकडे जास्त यायला लागला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, मावशी माझं बोलणं दुरुस्त करायला लागल्या. परक्या माणसाला कुणी दुरुस्त करत नाही, कौतुक करून सोडून देतात. लॅबमधली मुलं मला केटीव्हीला, म्हणजे खोली घेऊन कराओके गायच्या ठिकाणी, न्यायला लागली तीही या गाण्यामुळेच, आणि तिथे त्यांच्या आईवडिलांच्या वयाची गाणी मला येतात म्हणून घरी, जेवायला, नववर्षाला बोलवायला लागली.

तुझी वही साधारण 2010 पाशी थांबते. जोनाथन ली, वाकिन चौ आणि चांग चेन-यूए या गायकांबरोबर लोने 'सुपरबँड' काढला होता. नेमके दौरे करून ठरल्याप्रमाणे तो बंद केला, तिथवर. पुढची पानं मी भरली आहेत. त्याला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मुलगी झाली आणि 2017 मध्ये त्याने घर या विषयावरचा अल्बम काढला. त्याने 1984 मध्येही 'घर' नावाचा अल्बम केला होता, पण त्यात घर सापडलं नव्हतं, असं माझं ऐकताना मत झालं. 2021 मध्ये गोल्डन मेलडी पुरस्कारांत त्याला विशेष योगदानाचा सन्मान मिळाला. ज्याचे शब्द सरकारी टेबलावर अडायचे, त्याला सरकारी संस्थेने सुरू केलेला पुरस्कार, हे पाहायला तू इथे हवी होतीस.

ताई, माझ्या थिसिसच्या आभाराच्या पानावर तुझं नाव आहेच. पण तिथे "मार्गदर्शन आणि सहकार्याबद्दल" यापलीकडे लिहिता येत नाही. तू मला एक रिएजंटही कधी उसना दिला नाहीस, आपले विषयच वेगळे. तू रात्री दमून खोलीवर आल्यावर, कुणी सांगितलेलं नसताना, पुढे कुणाला तरी लागेल म्हणून पानं लिहीत बसलीस. त्यामुळे मी या देशात पाहुणी म्हणून वर्षं काढली नाहीत. तुझे मनापासून आभार.

वहीची फोटोकॉपी मी काढून घेतली आहे. मूळ वही सांगलीहून नव्याने आलेल्या एका मुलीकडे दिली आहे. ती 'बालपण'पासून सुरू करते आहे, बाण बघून. तिचा तिसरा सूर अजून दुसऱ्यासारखा येतो, तू फोनवर तिच्याकडून एकदा म्हणवून घे. दिवाळीत मी मिरजेला येते आहे. आईंना नमस्कार सांग, आणि त्यांना लुगांगची बिस्किटं चालतील का ते कळव, त्यात अंडं नसलेली बघून आणते.

तुझी,
ताइचुंगची धाकटी