मेमरी कार्ड परत आणून देणाऱ्या मॉरिशसच्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आपल्या देशात आठ दिवस राहून आम्ही पाचही जण सुखरूप रत्नागिरीला पोहोचलो. सोबत निवडक छायाचित्रे छापून पाठवत आहे. शाळेत मराठी शिकलात तरी आता अक्षरे लावून लावून वाचावे लागते, असे आपण म्हणाला होतात. म्हणून हे पत्र मुद्दाम मोठ्या टंकात छापले आहे.

खरे तर ही छायाचित्रे आमच्या हाती राहिलीच नसती. परतीच्या दिवशी कॅमेऱ्यातले भरलेले कार्ड बदलताना ते माझ्याच वेंधळेपणाने आपल्या गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत घसरले आणि विमानतळावर सामानाच्या रांगेत उभा राहीपर्यंत मला त्याचा पत्ताही नव्हता. आपण तोवर फ्लिक-आं-फ्लाकच्या वाटेला लागला होतात. फोनवर "थांबा, बघतो" एवढेच म्हणालात आणि अर्ध्या वाटेवरून गाडी वळवून परत आलात. डाळ भरलेली पातळ पोळी, म्हणजे ढोलपुरी, गुंडाळून देतात तसल्या कागदाच्या घडीत कार्ड होते, आणि त्या कागदाला मिरचीच्या चटणीचा वास येत होता. पैसे पुढे केले, तर आपण दोन्ही हात पाठीमागे घेतलेत.

त्या कार्डात काय होते, हे आपल्याला सांगायलाच हवे. १८३४ पासून सुमारे पाच लाख मजूर करारावर मॉरिशसला आले आणि त्यांतले बहुतेक जण पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरून पुढे गेले. तिथल्या सोळा दगडी पायऱ्या आई मोठ्याने मोजत चढली. वरच्या पायरीवर ती थांबली आणि "आपल्याकडचीही माणसं इथूनच चढली असतील ना?" असे तिने आपल्याला विचारले. आपले पूर्वज कोकणातले, पण गावाचे नाव घरात कोणालाच ठाऊक नाही, असे आपण सांगितलेत. त्यावर ती काही न बोलता आपल्या हाताला धरून खाली उतरली. ते छायाचित्र सर्वांत वर ठेवले आहे.

शामारेलच्या सातरंगी मातीची छायाचित्रे सर्वांसारखीच आली आहेत. गंगातलावावर मात्र धुक्याने घात केला आणि १०८ फुटी महादेवाचे फक्त पायच कॅमेऱ्यात आले. आईला तेवढे दर्शन पुरेसे वाटते. ढोलपुरीविषयी तिचे मत "गूळ घालायचा राहून गेलेली पुरणपोळी" असे असले, तरी ती खातानाची तिची चार छायाचित्रे आहेत.

आपल्या या उपकाराबद्दल आम्ही सर्व जण मनापासून आभारी आहोत. एक विनंती मात्र आहे. पायऱ्यांवरच्या त्या छायाचित्रात आपला चेहरा टोपीच्या सावलीत गेला आहे. आपले एखादे स्वच्छ छायाचित्र पाठवावे. अल्बममध्ये आईच्या शेजारची जागा रिकामी ठेवली आहे.

आपला नम्र,
मागच्या सीटवरचा वेंधळा प्रवासी